दार वाजवणारी माणसं

आम्हा इनुइट लोकांच्या वस्तीत दार वाजवायची पद्धत नाही. ज्याला यायचं तो दार ढकलून येतो, पडवीत बूट काढतो, चहाची किटली हलवून बघतो आणि बसतो. वाटेल तेवढं बसतो आणि एक शब्द न बोलता उठूनही जातो. दार वाजवतात ती तीनच माणसं: पोलीस, समाजकल्याणवाली बाई आणि घरांच्या ऑफिसातला माणूस. म्हणून एप्रिलमधल्या त्या मंगळवारी सकाळी साडेआठला आमच्या दारावर टकटक झाली, तेव्हा सगळं घर जागच्या जागी थिजलं. धाकट्या सुनेने टीव्हीचा आवाज बंद केला. माझा नवरा इपीली जमिनीवर पुठ्ठा पसरून सील कापत बसला होता, त्याचा सुरा तसाच हातात राहिला. आणि आलुकी खुर्चीतून उठली, पांघरुणाची घडी काखेत मारली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली.

आधी आलुकी कोण ते सांगते. ती माझी आई.

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि ती सत्तावीसची. ज्या फेब्रुवारीत माझी आई गेली, त्याच फेब्रुवारीत अकरा दिवसांनी शेजारच्या पोरीला मुलगी झाली. दोन दिवस ते बाळ नुसतं टाहो फोडत होतं, दुधाला तोंड लावेना. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, नाव मागतंय. माझ्या आईचं नाव कुणीतरी त्याच्या कानाशी नेलं आणि ते गप्प झालं, चुटूचुटू दूध प्यायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी गेले, त्या गाठोड्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आई, आलीस? किती वाट बघायला लावलीस!" त्या दिवसापासून ती माझी आई आणि मी तिची मुलगी. इपीली तिचा जावई, माझे मुलगे तिचे नातू. यात गंमत नाही की नाटक नाही. नाव आलं की त्याच्यामागून नाती येतात.

आणि नातं लागलं की मग नावाने हाक मारायची नाही. ते उद्धटपणाचं. मी तिला जन्मात कधी 'आलुकी' म्हटलं नव्हतं. इथे लिहिताना लिहितेय, कारण नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

चार वर्षांची असताना ती आमचं दार ढकलून यायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, "पोरी, माझा चहा कुठाय?" मी तिला कोमट चहा द्यायचे, तीन चमचे साखर घालून. माझ्या आईला तीन लागायची. दोन घातली की ही कप परत करायची, आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे पहिले बूट मी शिवले. ती लग्नाच्या वयाला आली तेव्हा मीच तिच्यावर ओरडले, "आई, तो माणूस बरा नाही," आणि तिने आईसारखंच उत्तर दिलं, म्हणजे काहीच दिलं नाही, नाक उडवलं आणि गेली.

तो माणूस खरंच बरा नव्हता. हात उचलायचा. तिची जन्मदाती केव्हाच ओटावाला जाऊन तिथलीच झाली होती, आजोबा वारले होते, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ती त्याच्या घरी राहायला गेली. तिथे नऊ माणसं. तिथेच नीवी झाली. नीवी दोन वर्षांची असताना एका सकाळी आलुकीने हॉकीची मोठी बॅग भरली, आमच्या बायकांच्या कोटाला पोर ठेवायला पाठीवर मोठी टोपी असते, तिच्यात पोरीला घातलं आणि बाहेर पडली. घर त्याच्या आईच्या नावावर होतं, त्यामुळे बाहेर पडायचं ते हिनेच.

तेव्हापासून चार वर्षं ती बॅग फिरतेय. आधी मावशीकडे, तर मावशीचा मुलगा तुरुंगातून सुटून आला, त्याला झोपायला जागा हवी. मग चुलत बहिणीच्या स्वयंपाकघरात, टेबलाखाली. मग एका मैत्रिणीकडे; मैत्रिणीचा नवरा नको तसा बघायला लागला. चार वर्षांत अकरा घरं. पण कुणी तिला बेघर म्हटलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. बेघर म्हणजे ते, जे दक्षिणेकडच्या शहरांत फुटपाथवर झोपतात. आमच्याकडे फुटपाथच नाही. आणि इथे बाहेर झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही. म्हणून इथे प्रत्येकाला कुणी ना कुणी आत घेतंच. आम्हाला याचा कोण अभिमान! मला तर जास्तच.

बारावं घर आमचं. तीन खोल्या, मी आणि इपीली, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं. आलुकी बारावी. थोरला मुलगा वीजघरात रात्रपाळी करतो, तो सकाळी सातला घरी येतो, तेव्हा ती सोफा त्याला द्यायची आणि स्वतः खुर्चीत बसायची. तो दुपारी उठला की सुनेची धाकटी तिथे झोपायची. आमच्या घरात अंथरूण कधी थंड पडत नाही. खोल्यांना दारं तीन होती; त्यातलं एक इपीलीने काढून स्लेजवर पेटी बनवायला वापरलं, तेव्हा उरली दोन.

तिच्या एका गोष्टीचा मला फार राग यायचा. ती कोट खुंटीला अडकवायची नाही. बारा खुंट्या आहेत दाराशी, मी मुद्दाम एक रिकामी करून ठेवली होती. पण नाही. कोट अंगात, नाहीतर मांडीवर, नाहीतर बॅगेवर घडी करून. नऊ वाजले की ती बाहेर. आरोग्य केंद्रात चार तास लादी पुसायची, ते झालं की या घरात अर्धा तास, त्या घरात अर्धा तास. "भेटायला आले," म्हणायची. उणे चाळीस थंडीत नुसती पायाला भिंगरी. माणसं म्हणायची, तुझी आई किती मायाळू, सगळ्यांना भेटून जाते. मला कळत होतं की ती भेटत नाहीये, ती कुणाच्याच घरात फार वेळ दिसू नये म्हणून फिरतेय. मी चिडायचे. "आई, बस की एका जागी! तुला बघून माझ्या डोक्याला मुंग्या येतात." ती हसायची. "बसून बसून कंटाळा येतो, पोरी." बसलेली तर मी तिला कधी पाहिली नव्हती.

नीवी तिच्याजवळ नव्हती, हे तिच्या पायांना थारा नसण्याचं त्याहून मोठं कारण. मागच्या हिवाळ्यात समाजकल्याणवाली बाई आली, टेबलाखाली झोपलेली पोर तिने पाहिली आणि नीवीला रोडाकडे ठेवलं. रोडा म्हणजे चर्चमध्ये बाजा वाजवते ती, चांगली बाई आहे. पण रोडाला ऑगस्टमध्ये मूत्रपिंडाच्या उपचाराला कायमचं दक्षिणेला जायचं होतं. बाईने आलुकीला स्पष्ट सांगितलं: वीस ऑगस्टच्या आत पोरीसाठी दार असलेली खोली दाखव. नाहीतर नीवीला ओटावाच्या एका कुटुंबात पाठवावं लागेल. माणसं चांगली आहेत, म्हणाली. त्यांच्याकडे कुत्रा आहे. जणू आमच्याकडे कुत्रे नाहीतच.

आणि त्याच उन्हाळ्यात शाळेमागची पाच नवी घरं वाटली जायची होती. यादीत नव्वदावर नावं, आणि आलुकी चौथी. चौथी! हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

तर त्या मंगळवारी दार वाजलं. बाहेर डॅरिल उभा. ऑफिसातली आमची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, म्हणून दक्षिणेतून याला पाठवलेलं. गोरापान, भुवयांवर बर्फ, हातात फायली. पायातले बूट काढावेत की नको, याच विचारात तो पडवीत पाच मिनिटं उभा होता.

"यादी तपासतोय," तो म्हणाला. "आलुकी इथेच राहते का? की तात्पुरती आहे?"

आता मला सांगा, मी काय उत्तर द्यायला हवं होतं? बाथरूमच्या पातळ दारामागे माझी आई बसलेली. घरातले नऊ जण ऐकतायत. आणि हा काल आलेला माणूस मला माझ्या घरात उभा राहून विचारतोय की तुझी आई तुझ्याकडे तात्पुरती आहे का. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तात्पुरती?" मी म्हणाले. "ती माझी आई आहे. हे तिचंच घर आहे. आमच्याकडे आईला तात्पुरतं ठेवत नाहीत. तुमच्याकडे ठेवत असतील."

त्याने फायलीत पाहिलं. "आई? इथे वय सत्तावीस लिहिलंय."

"बरोबर आहे."

"आणि तुमचं?"

"सत्तावन्न."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग फायलीकडे, मग इपीलीकडे. इपीलीने भुवया उंचावल्या, म्हणजे हो. डॅरिलला वाटलं, यालाही आश्चर्य वाटतंय. "ठीक आहे," तो म्हणाला आणि लिहिलं. मी त्याला वाळवलेला मासा दिला, जाताना. माझी छाती दोन वीत फुगली होती.

आलुकी बाथरूममधून बाहेर आली. "काय म्हणाला?"

"विचारत होता, इथे राहतेस का म्हणून. असा झापला त्याला!"

तिने काखेतलं पांघरूण खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाली, "बरं केलंस, पोरी," आणि कोट घालून बाहेर गेली. तिला त्याच वेळी कळलं होतं. मला कळायला जून उजाडावा लागला.

जूनमध्ये सोसायटीच्या दुकानात फळ्यावर नवी यादी लागली. मी पीठ आणायला गेले होते. पहिल्या पाचांत तिचं नाव नाही. दहांत नाही. माझं बोट खाली खाली सरकत गेलं आणि अडतिसाव्या नावावर थांबलं. मागे दोन बायका बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. पीठ तिथेच टाकून मी तडक घरांच्या ऑफिसात गेले आणि दार न वाजवता आत शिरले.

"तिला खाली कुणी ढकललं?" मी टेबलावर हात आपटला.

डॅरिल घाबरला नाही, उलट खुर्ची पुढे केली. त्याने कागद माझ्यासमोर फिरवला. "राहायला जागा नसलेल्या माणसाला वीस गुण मिळतात. तिला ते होते. मग मी तपासायला आलो. तुम्ही म्हणालात, हे तिचंच घर आहे."

कागदावर माझंच वाक्य होतं. जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. त्या माणसाला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं, पण त्याची काय चूक? त्याने मला प्रश्न विचारला आणि मी माझ्या मोठेपणाचं उत्तर दिलं. आईच्या पायाखालची जमीन मी काढून घेतली आणि वर त्याला मासाही दिला.

"आता?" मी विचारलं.

"जुलैत समितीची बैठक आहे. तुम्ही लिहून द्या की तुमच्या घरात तिला जागा नाही. समितीपुढे येऊन सांगा. आणि ते खरं असावं लागेल. मी तपासायला येईन."

घरी आले, कणीक मळायला घेतली, बॅनकसाठी, म्हणजे आमच्या जाड भाकरीसाठी, आणि मळतच राहिले. पीठ शेजारणीकडून उसनं. आलुकी खुर्चीच्या कडेला बसली होती, कोट मांडीवर. तिला सगळं ठाऊक होतं. या वस्तीत बातमी माझ्याआधी घरी पोचते.

"लिहून दे," ती म्हणाली.

"काय लिहू? आईला घराबाहेर काढलं म्हणून? माझा हात झडेल."

"अगं, त्यात काय! मी काय तुझी खरी आई आहे? नुसतं नाव तर आहे."

माझा हात पिठात थांबला. असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. चेष्टेतसुद्धा नाही. इपीलीने मान खाली घातली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला छातीशी धरावंसंही वाटलं. दोन्ही हात पिठाने भरलेले, म्हणून काहीच केलं नाही.

"गप्प बस," एवढंच म्हणाले.

"वीस ऑगस्ट," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मला नीवी हवी आहे."

बैठक दुपारी दोनला होती, सभागृहात. समितीत पाच माणसं, सगळी आमचीच. मधोमध लुकासीकाका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, शहात्तर वर्षांचा. तो आलुकीला वहिनी म्हणतो. वस्तीत समोर दिसली की भर रस्त्यात टोपी काढून ओरडतो, "वहिनी, माझे हातमोजे कधी शिवणार? तीस वर्षं वाट बघतोय!" आणि ती उलट ओरडते, "आधी मागच्या जोडीचं सीलचं कातडं आणून दे, फुकट्या!" त्या दिवशी तो तिच्याकडे बघतही नव्हता. ती भिंतीशी उभी होती, बॅग पायाशी. बॅग घेऊन आली होती, म्हणजे निघायच्या तयारीनेच आली होती.

डॅरिल लिहून घ्यायला बसला. "तुमच्या घरात तिला जागा नाही, बरोबर?"

मी भुवया उंचावल्या. पाचही जणांनी पाहिलं. पाचही जणांना कळलं. एका बाईने डोळे पुसले. झालं, सुटले, असं मला वाटलं.

"तोंडाने सांगा," डॅरिल म्हणाला. "नोंद करायची आहे. नावासकट."

मी म्हणाले, "आलुकीला माझ्या घरात जागा नाही."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून निघालं. त्या आधीही कधी नाही, कारण माझी आई जिवंत होती तेव्हा तीही माझी आईच होती.

लुकासीकाकाने कानामागे हात धरला. आयुष्यभर बंदूक चालवून त्याचा उजवा कान गेलाय. "काय म्हणाली? कुणाला?"

तर मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, मोठ्याने.

बाहेर आले तर ती बॅग खांद्याला लावून समुद्राकडे निघाली होती. लुकासीकाकाच्या घरामागे, जहाजातून आलेल्या लाकडी खोक्यांची एक खोपी आहे, तेलाच्या पिंपाची चूल असलेली, शिकारीचं सामान ठेवायची. तिथे ती राहायला गेली. मी मागून हाक मारणार होते. पण काय म्हणून हाक मारायची, तेच सुचेना.

पुढचे पाच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य मावळत नाही, पोरं दिवसाचे सगळे तास रस्त्यावर, आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल. खिडकीशी जायचे, खोपीच्या धुराड्यातून धूर निघतोय का बघायचे, परत यायचे. धूर नसला की वाटायचं गारठली. धूर असला की वाटायचं, ओल्या लाकडाने डोळे फोडून घेत असेल. वारा सुटला की खोपीचा पत्रा इथपर्यंत ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी न राहवून मोठ्या नातीबरोबर मी सीलच्या मांसाचं भांडं पाठवलं, वर वितळलेली चरबी घालून, आईला आवडतं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं.

सगळे थिजले. वाटलं, डॅरिल तपासायला आला. मी दार उघडलं तर पायरीवर ती उभी. हातात धुतलेलं भांडं.

"भांडं," ती म्हणाली. आणि मग, "आभारी आहे, ऊलीपिका."

ऊलीपिका माझं नाव. कागदावर लिहायला असतं ते. तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. मी भांडं घेतलं. "आत ये," म्हणाले, तर तिने नाक मुरडलं, म्हणजे नाही. आणि गेली. मी दारात उभीच, आणि आतला थोरला ओरडतोय, "दार लाव, डास येतायत!"

ती मुद्दाम करत होती का? की नियम पाळत होती, डॅरिल कुठून बघत असेल म्हणून? की मी बाहेर काढलं म्हणजे खरंच बाहेर काढलं असं तिने धरलं होतं? यातलं कुठलं, ते मला विचारता येईना. त्यानंतर मी चार वेळा भांडं पाठवलं, चारही वेळा ते धुऊन परत आलं आणि चारही वेळा दार वाजलं. शेवटी टकटक ऐकली की नातवंडंच म्हणायला लागली, "पोलीस नाही, पणजी आली." आणि ती हसली नाही. एकदा मी रागाने इपीलीला म्हणाले, "तिची ही मिजास बघ!" इपीली हातातलं जाळं विणत म्हणाला, "मिजास नाही ती. तू तिचं नाव घेतलंस, तिने तुझं घेतलं. फिटंफाट." हा माणूस वर्षातून दोनदा बोलतो आणि दोन्ही वेळा नको ते.

डॅरिल दोनदा तपासायला आला. सोफ्यावर थोरला घोरत होता. दाराशी एक खुंटी रिकामी होती, जशी आधीपासून होती. त्याने खोपीही पाहिली. वाकून आत गेला तेव्हा चौकटीवर डोकं आपटलं, असं लुकासीकाका सगळ्यांना साभिनय सांगत होता.

अकरा ऑगस्टला यादी लागली. मी दुकानात गेले नाही. मला धीर नव्हता. सून धावत आली, धापा टाकत, पायात दोन वेगवेगळे बूट. "चौथी! चौथीच आहे!" मी खुर्चीत बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन, आणि नातवंडं घाबरून बघत राहिली. चौदाला आलुकीला किल्ली मिळाली. सोळाला रोडाने नीवीला तिच्याकडे पोचवलं. सतराला समाजकल्याणवाली बाई तिथे गेली, दार वाजवून. नीवीच्या खोलीचं दार तिने उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि कागदावर खूण केली. हे सगळं मला लोकांकडून कळलं. सगळी वस्ती ते घर बघून आली. लुकासीकाका तर रोज सकाळी तिथे चहाला. मीच तेवढी गेले नाही.

बातम्या मात्र रोज येत होत्या. ती घराबाहेरच पडत नाही म्हणे. आरोग्य केंद्रातून सुटली की सरळ घरी. कुणाकडे भेटायला नाही, बसायला नाही. बायका विचारायला लागल्या, तुझी आई आजारी आहे का? मी म्हणाले, मला काय माहीत. खोटं बोलले. मला माहीत होतं. ती बसली होती. चार वर्षांनी एका जागी बसली होती.

आणि फिरत होते मी. दुकानात, चर्चमध्ये, धक्क्यावर, उगाच बहिणीकडे. हिवाळ्यात जिच्यासाठी तिच्यावर ओरडायचे, ती भिंगरी आता माझ्या पायाला. मोठं जहाज आलं तर दिवसभर ते रिकामं होताना बघत उभी राहिले, खोक्यांत मला काडीचा रस नसताना. वीस तारीख उलटली. दक्षिणेचं विमान गेलं, त्यात रोडा होती, नीवी नव्हती. मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

घरी आले तर इपीली म्हणाला, "जा."

"कुठे?"

"आईकडे."

वर्षातलं तिसरं बोलणं, म्हणून मी ऐकलं. बॅनक केला, फडक्यात बांधला. शाळेमागे पाच नवी दारं, सगळी निळी, चौथं तिचं. पायऱ्या चढले. पडवीच्या काचेतून आत दिसत होतं: दाराशी चार खुंट्या, एकीवर तिचा कोट. नीट, गळ्यापाशी अडकवलेला. शेजारी पोरीचा लहान. मी बघतच राहिले. आतून नीवीच्या हसण्याचा आवाज येत होता आणि काहीतरी तळल्याचा वास.

दार ढकलायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. कुठल्या तोंडाने ढकलू? ज्या माणसाला मी भर सभेत दोनदा नावासकट बाहेर काढलं, त्याच्या दारात मी कोण? फडक्यातला बॅनक गरम होता, पोटाशी धरलेला. शेजारच्या घरातली बाई खिडकीतून टक लावून बघत होती. परत जावं असं वाटलं. मग वाटलं, नाही, काय होईल ते होऊ दे.

मी दार वाजवलं.

आतलं हसणं एकदम थांबलं. किटलीचं झाकण कुणीतरी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. मला ती शांतता ओळखीची होती; आमच्या घरी टकटक झाली की अशीच पसरायची. आत माझी आई पोरीला जवळ ओढून उभी असणार, श्वास धरून, आता कुणी काय काढून न्यायला आलंय म्हणून. आणि ते दार मी वाजवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

अनवाणी पावलं धावत आली. दार बोटभर उघडलं, फटीत नीवीचा एक डोळा. तो वर माझ्या तोंडाकडे गेला, खाली फडक्याकडे आला. मग ती मागे वळून आत ओरडली,

"पोलीस नाही! तुझी मुलगी आलीय!"

आणि आतून माझ्या आईचा आवाज आला, चांगला तापलेला,

"मग दार कशाला वाजवतेय?"